देव दयाळू आहे, तर निष्पाप माणसांच्या वाट्याला दुःख का? ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे उत्तर पटण्यासारखं आहे का?

तर्काला पटण्यासारखं आहे. मला मात्र पटत नाही.

आधी एक खुलासा. दुःखाच्या प्रश्नाने ‘देव नाही’ असं सिद्ध होत नाही. अडचण होते ती देव सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू असं तिन्ही एकदम मानणाऱ्याची. जगाचा निर्माता कुणी नाहीच म्हणणाऱ्या मीमांसकाला (वेदातल्या कर्मकांडाला प्रमाण मानणाऱ्या दर्शनाच्या अनुयायाला) किंवा जैनाला हा पेच पडत नाही.

‘भोग’वालं उत्तर मूळचं ब्रह्मसूत्रातलं, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथातलं (2.1.34): देवावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप लागत नाही, कारण तो ज्याच्या-त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचं उदाहरण देतात. भात असो की जव, पाऊस सगळ्यांना सारखाच. काय उगवणार ते बी ठरवतं.

आता हे उदाहरण आमच्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत सांगून बघा! माल उतरायला आठवडा राहिलेला, घडात साखर भरलेली, आणि गारपीट होते. मणी फुटतात, रस गळतो, दोन दिवसांत घड सडायला लागतात आणि व्यापारी फोन उचलत नाही. बांधापलीकडच्या बागेत, त्याच जातीच्या द्राक्षांवर, ओरखडासुद्धा नसतो. बी तर सारखंच होतं. मग म्हणायचं, फरक बागायतदाराच्या मागच्या जन्मात आहे. तो जन्म कुणी पाहिलेला नाही, म्हणून हे उत्तर कधी खोटंही ठरत नाही. आणि ‘पहिलं पाप कुणाचं?’ असं विचारलं, तर पुढचंच सूत्र सांगतं की संसार अनादी आहे. झालं, प्रश्न विचारायची सोयच संपली.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हे उत्तर देवाला सोडवतं आणि दोष ज्याच्या वाट्याला दुःख आलंय त्याच्याच माथी मारतं. 2 मार्च 1930 ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दाराबाहेर उभ्या असलेल्यांना शतकानुशतकं हेच ऐकवलं गेलं होतं: तुमचा जन्मच तुमच्या कर्माचं फळ. 1935 मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्यामागे या तत्त्वज्ञानाचाही हिशेब होता असं मी मानतो.

पाश्चात्त्यांकडे यावरचं गाजलेलं उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगाचं, 1974 चं: माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाईट वागायची मुभाही आलीच. 1955 मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने देव आणि दुःख यांचा तार्किक मेळच बसत नाही असं म्हटलं होतं. त्याला हे चांगलं उत्तर आहे. मंदिराचं बंद दार यात बसतं, कारण ते माणसांनीच बंद केलं होतं. गारा कुणाच्या स्वातंत्र्यातून पडतात? (प्लँटिंगा म्हणतो, सैतानासारख्या अदृश्य शक्तींच्या असू शकतील. असो.) 1979 मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञाने वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचं उदाहरण दिलं, तेही इथेच बोट ठेवतं. त्या पाडसाला ना पाप, ना पुण्य, ना त्यातून कुणाला शिकवण.

म्हणून तिन्हीतलं एक सोडायचंच असेल, तर मी ‘सर्वशक्तिमान’ सोडतो. गारा थांबवणं ज्याच्या हातात नाही अशा देवाला मी नमस्कार करू शकतो. हातात असून बघत बसणाऱ्याला करवत नाही.