सीमाभागात राज्याला विरोध करायचा आणि केंद्राकडे दाद मागायची, यात समतोल कसा साधायचा? सत्तेचं विकेंद्रीकरण शेवटी कुणाकडून मिळतं?

समतोल म्हणालात म्हणून लिहितोय. आमचा मराठी सीमाभाग १९५६ ला कर्नाटकात (तेव्हाचं म्हैसूर राज्य) गेला, तेव्हापासून बंगळूर आणि दिल्ली यांच्यामधला समतोल आम्ही साधतोय, दोन्हीकडून लाथा खाऊन.

मी बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होतो. शेजारच्या काकूंना घरावर कर्ज हवं होतं. ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, कन्नड उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या बँकेत गेल्या, तेव्हा कळलं की नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव पडलंय. दोन वर्षं तो कागद देवघराच्या फळीवर होता. कन्नड वाचणारं घरात कुणी नाही. दुरुस्तीपायी चार हेलपाटे झाले, तोवर कर्जाची गरजच सरली. मुलीचं लग्न दागिने मोडून उरकलं.

मग मी ठराव मांडला, की नोटिसा आणि उतारे कन्नडखाली मराठीतही द्या. अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राचं जुनंच धोरण. ठराव मंजूर झाला. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणाले, "वरून आदेश नाही." वर गेलो तर त्यांच्याही वर कुणीतरी होतंच. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना लिहिलं. ते राष्ट्रपतींना अहवाल देतात, पीडीओला हुकूम सोडू शकत नाहीत. शेवटी आम्ही दोघं-तिघं रात्री बसून नोटिशीचं मराठी करायचो आणि झेरॉक्स देवळाच्या भिंतीला खळीनं चिकटवायचो.

आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून अजून काळी फीत लावतात. ते म्हणाले, "पंचायतीत बसलास म्हंजे कर्नाटक मान्य केलास की!" त्यांचा सगळा भरवसा सीमाभागासाठी महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात घातलेल्या दाव्यावर. दावा २००४ चा, निकाल अजून नाही. तोवर काकूंचा उतारा कुणी बघायचा?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, पंचायत हा राज्यसूचीतला विषय. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती झाली तरी किती अधिकार खाली सोडायचे हे विधानसभाच ठरवते. म्हणजे अधिकारांसाठी भांडण बंगळूरशीच. दिल्ली त्यात फार तर पत्र लिहील. आणि बंगळूरचं ढोंग बघा. २०२४ मध्ये अख्खं मंत्रिमंडळ केंद्राच्या करातल्या वाट्यासाठी 'माझा कर, माझा हक्क' म्हणत दिल्लीत जंतरमंतरवर बसलं, तेव्हा इथल्या जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ लाच संपलेली आणि निवडणुकांचा पत्ता नाही. दिल्लीकडून हवं ते सगळं हक्काचं, पंचायतीनं मागितलं की वरून आदेश नाही!

आमच्या पंचायतीत मराठी सदस्य जास्त होते म्हणून ठराव तरी झाला, हे खरं. वॉर्डात मराठीची चारच घरं असतील तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही. आणि कोर्टातला दावा सोडा असंही मी म्हणत नाही.

तात्या हे वाचणार, माहीत आहे. तात्या, देवळाच्या भिंतीवरची ती मराठी नोटीस सगळ्यांत आधी चष्मा लावून तुम्हीच वाचत होता. घरपट्टीची शेवटची तारीख त्यावरनंच कळली तुम्हाला.