आठ फ्रेम्स

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी चाळीस सेकंदांची ॲनिमेशन फिल्म पाहिली. मांजर कपाटावरून दुधाच्या पातेल्यात पडतं, ती. चित्रांबद्दल बोलत नाही, तुझा हात चांगला आहे हे तुलाही ठाऊक आहे. "काका, कुणी हसलंच नाही. सॉफ्टवेअर बदलू का?" हे वाचलं आणि ड्रॉवरमधून स्टॉपवॉच काढलं.

तुझं मांजर तीन फ्रेम्समध्ये खाली येतं. तीन! सेकंदाला चोवीस चित्रं, त्यातली फक्त तीन. ओट्यावरून वाटी पाडून बघ, आवाज यायला साधारण १० फ्रेम्स लागतात. कपाटावरून पंधराएक. आपण वास्तवाचे गुलाम नाही, मान्य. पण मोडायचं तर आधी मोजावं लागतं. आधी वेळ मोज, मग चित्र काढ.

कार्टूनमधल्या रोडरनर पक्ष्यामागे धावणारा तो कायोटी, लांडग्यासारखा प्राणी, १९४९ पासून कड्यावरून पडतोय. त्याचा दिग्दर्शक चक जोन्सने हिशेब बांधला होता: ठिपका होऊन दिसेनासा व्हायला १८ फ्रेम्स, आणि त्यानंतर १४ फ्रेम्सनी तळाशी आपटणं. १३ केल्या तर हसू नाही, १५ केल्या तरी नाही, असं तो म्हणायचा. त्या १४ फ्रेम्समध्ये पडद्यावर कायोटी नाहीच, फक्त दरी. लोक तिथे हसायला तयार होतात.

आणि हे काही प्रतिभेचे चोचले नव्हते. जोन्सच्या स्टुडिओत, वॉर्नरकडे, सहा-सात मिनिटांची फिल्म, पैसा मोजका. काढून, रंगवून झालेलं चित्र कापायचं म्हणजे कुणाची तरी मजुरी कचऱ्यात. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधी सगळी फिल्म कागदावर मोजून तयार असायची. तुझ्याकडे अन-डू आहे, म्हणून तू मोजत नाहीस. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

१९२८ च्या डिस्नेच्या 'स्टीमबोट विली'च्या वेळी तिथल्या विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र, आणला, त्याच्या ठोक्यावर चित्रं बसवली. टॉम आणि जेरीत बार्बेरा गमती रेखाटायचा, हॅना टायमिंग बघायचा. त्या मांजर-उंदराची सात ऑस्करं नुसत्या चित्रांना मिळालेली नाहीत. आपल्याकडे १९५६ साली डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एकाने मला पहिल्या दिवशी पेन्सिल दिली नाही, घड्याळ दिलं.

आता माझं. तुझ्या कानावर आलंच असेल, काकांनी आठ फ्रेम्ससाठी नोकरी सोडली. खरं आहे. जाहिरात होती, एक म्हातारा खुर्चीतून उठतो. उठण्याआधी मी त्याला १२ फ्रेम्स नुसता बसवला होता. उठावं की नको, एवढंच. क्लायंटला वाटलं फिल्म अडकली. चार करा, म्हणाले. मी फ्रेम्सचे आकडे लिहिलेलं शीट उचललं आणि घरी आलो. पुढचे सात महिने घर तुझ्या काकूच्या शिकवण्यांवर चाललं. ती एका शब्दाने बोलली नाही, ते जास्त लागलं. खोलीत बसून त्यांना तो शॉट दोन्ही पद्धतींनी दाखवायला हवा होता, हे सुचायला मला वीस वर्षं लागली. पण चार चूकच होत्या. दहा चालल्या असत्या, ओढूनताणून आठसुद्धा. चार नाही. चारमध्ये तो म्हातारा राहत नाही, स्प्रिंग होतो.

असो. तू नोकरी सोडू नकोस, आणि तो मांजराचा शॉट आत्ता उघडूही नकोस. टेबलावर पेनाने ठोके दे: मांजर घसरलं, कडेला लोंबकळलं, खाली बघितलं, सुटलं, आपटलं. पाच ठोके. दहा वेळा दे, स्टॉपवॉच लाव, आकडे कागदावर लिही. "खाली बघितलं"ला घाई करशील, तिथे मी तुला पकडणार आहे.

रविवारपर्यंत ते शीट पाठव. फिल्म नको.

तुझा,
काका