नववीच्या मुलांना फेक न्यूज ओळखायला शिकवण्यासाठी चांगलं अ‍ॅप कोणतं?

चार तासिका मिळाल्यात, त्यात कोणतं अ‍ॅप दाखवू, असं विचारलंय तुम्ही. अ‍ॅपचं नंतर बघू. आधी ‘फेक न्यूज’ हा शब्द फळ्यावरून पुसा. खरं-खोटं ओळखायच्या खेळात मुलं दोन तासांत पटाईत होतात, आणि खरीच गोष्ट अर्धवट कापून समोर आली की तितक्याच सहज फसतात.

२०१८ चा मुलं पळवण्याचा तो व्हिडिओ आठवा. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एकाला उचलून पसार होतात. त्यातलं काहीच संगणकावर बनवलेलं नव्हतं. कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोराला खाली सोडतात आणि फलक उघडून दाखवतात. नेमका तेवढाच तुकडा कुणीतरी उडवला. उरलेला भाग आपल्याकडचा वाटायला काहीच हरकत नव्हती; गल्ली तशीच, मोटरसायकल तशीच, रहदारी तिथेही डावीकडूनच. असल्या व्हिडिओंनी देश पेटलेला असताना १ जुलै २०१८ ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीत कोंडून मारलं.

म्हणून पहिल्या तासाला एकच प्रश्न: यातलं काय कापलंय, आणि कापणाऱ्याचा त्यात काय फायदा?

हे शिकवायला मोबाईल लागत नाही. एकाच शहराचे, एकाच तारखेचे दोन दैनिकांचे अंक घ्या. पाच मुलांमागे एक जोडी, एक पट्टी, तीन रंगांचे खडू. सरळ जाहिरात लाल, बातमी हिरवी, कळत नाही ते पिवळं. पहिल्या पानावर गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, म्हणजे जॅकेट, फेकून देऊ नका, उलट सुरुवात तिथूनच करा. प्रत्येक तुकड्याची लांबी गुणिले रुंदी काढायची. जाहिरात चौरस सेंटिमीटरच्या दराने विकली जाते, तर मापही तेच असू दे. मुलं हमखास दोन चुका करतात. निविदा सूचना आणि सरकारी योजनांची अर्धी-अर्धी पानं हिरवी रंगवतात, कारण ‘सरकारचं आहे ना’. आणि पुरवणीतला ‘वाणिज्य प्रतिनिधी’ त्यांना बातमीदार वाटतो; खरं तर ते नाव जाहिरातीसारख्या, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर येतं. लगेच दुरुस्त करू नका, पिवळ्यावरून भांडू द्या. सगळा तास त्या भांडणात गेला तरी चालेल, बेरजा घरी होतील.

मग शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ शोधायला लावा: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, छापलं कुठे. १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची होती, त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही मुद्रक-प्रकाशक-संपादक सुटलेले नाहीत. आता घरी आलेल्या फॉरवर्डवर ही ओळ कुठे आहे, एवढंच विचारा.

‘मोबाईल काढून घ्या, हातात पेपर द्या, पोरं आपोआप शहाणी होतील’ असं प्रत्येक शिक्षक-बैठकीत सांगणाऱ्या मंडळींशी माझं जुनं वाकडं आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काय छापलं गेलं ते त्यांनी काढून बघावं. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारे मजकूर वेगवेगळ्या मोठ्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखे आले, काही तर वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावांनी. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघडं केलं. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये अहवाल द्यावा लागला. शाई होती, कागद होता, संपादकाचं नावही होतं. तेव्हा कागदाचे गोडवे पुरेत.

बरं, अ‍ॅप. गूगल लेन्स पुरे. व्हिडिओ थांबवून पाटी, गाडीचा नंबर किंवा ठळक इमारत दिसते त्या ठिकाणचा स्क्रीनशॉट घ्या, वरखालच्या काळ्या पट्ट्या कापा, मग शोधा. काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा शोधा, कारण शोधात सापडू नये म्हणून पसरवणारे ते आरशासारखं उलटं करतात. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की समजायचं. ‘फोटोची मेटाडेटा (कधी, कुठे, कशाने काढला ही फाइलमधली नोंद) तपासा’ हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोला कुचकामी. पाठवतानाच ती पुसली जाते. तिथल्या फॉरवर्डवर दुहेरी बाण दिसला तर मजकूर निदान पाच हात फिरून आलाय. पण तोच मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गळून पडतो, त्यामुळे बाण नाही म्हणजे ताजं आहे असं मुलांना वाटू देऊ नका.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. घरच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड वर्गात मागवू नका. ‘माझे काका खोटं पाठवतात’ असं चारचौघांत सिद्ध झालेलं पोर पुढच्या तासाला गप्प बसतं, आणि जात-धर्माचं काही निघालं तर तुमची तासिका तिथेच संपली. नमुने तुम्हीच आणा, जुने, विझलेले. दुसरं म्हणजे तिसऱ्या तासापर्यंत निम्मा वर्ग ‘सगळेच विकले गेलेत’ म्हणायला लागतो. हे शहाणपण समजून खूश होऊ नका, हा तुमचा तास फसल्याचा पुरावा आहे.

त्यावर उतारा चौथ्या तासाला. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर प्रत्येकाने १५० शब्दांची बातमी लिहायची. शिपाई, मुख्याध्यापक, एखादी विद्यार्थिनी, तिघांना विचारून. मग वही शेजारच्याकडे, आणि त्याने ती ६० शब्दांत बसवायची. पहिली कात्री बहुतेक वेळा शिपायाच्या वाक्यावर चालते. वही मूळ मालकाकडे परत गेली की वर्गात जो आरडाओरडा होईल, तो होऊ द्या.