आधी जनावर बघ

चि. मुली,

बार्ब घोडा ही अरबीचीच शाखा की वेगळी जात, दोन पुस्तकं दोन तऱ्हेचं सांगतात, मग लिहू काय, असं विचारतेस. अगं, पुस्तकं मिट. आधी जनावर बघ, नाव मागाहून.

अरबीचा चेहरा मध्ये खोलगट, शेपटी उंच उचललेली. उत्तर आफ्रिकेतल्या बार्बचं नाक सरळ किंवा जरा फुगीर, मागचे पुठ्ठे उतरते, शेपटी खाली लागलेली. मोरोक्कोतल्या तबोरिदाचे, म्हणजे तिथल्या घोडेस्वारांच्या खेळाचे, व्हिडिओ लाव. एका ओळीत घोडे सुटतात, स्वार एकदम बंदुकीचे बार काढतात. तू धूर नको बघूस, पुठ्ठे बघ. त्यात अरब-बार्ब संकरही पुष्कळ असतात. ओळखता येतात का बघ.

थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या मूळ घोड्यांपैकी एक गोडॉल्फिन, तो 1753 मध्ये मेला. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या थरोब्रेडच्या रक्तातही तो आहे. त्याला अरेबियन म्हणायचं की बार्ब, हे भांडण अजून चालूच आहे! नावाचं भांडण असंच, मिटत नाही.

कबुतरांतही बार्ब आहे. आखूड जाड चोच, डोळ्याभोवती लाल मांसल कडं. डार्विनने काळे बार्ब आणि पंख्यासारख्या शेपटीचे पांढरे लक्के यांचा संकर केला, त्या पिल्लांची आपसांत जोडी लावली, तर एक नातवंड चक्क पारवं निघालं, पंखांवर दोन काळे पट्टे घेऊन. 1859 च्या पुस्तकात त्याने हे लिहिलंय. त्याने पक्षी बघितला म्हणून दिसलं. पुन्हा सांगतो, बघ.

मी बघितलं नव्हतं. ट्युनिसकडच्या आफ्रिकन आउल या आखूड चोचीच्या कबुतरांची जोडी घेतली तेव्हा वंशावळीचा कागद तीनदा वाचला, चोच एकदाही नीट पाहिली नाही. इतकी आखूड, की पिल्लाच्या तोंडात धड चारा जाईना. तिसऱ्या दिवशी पिल्लू तळहातावर घेतलं. गळ्याखालची पिशवी रिकामी, कातडी सुरकुतलेली. शेजारच्या खणात होमर या लांब चोचीच्या कबुतरांची जोडी तेव्हाच अंड्यांवर बसली होती. आउलची अंडी वेळीच त्यांच्याखाली ठेवली असती तर पिल्लं जगली असती. पण शुद्ध रक्ताला दाई कशाला, हा माझा तोरा. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, हेही खरं. आणि विचारलं असतं तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे.

ढाबळीत आउलची परवापर्यंत दोन अंडी झालीत. तुझी होमरची जोडीही आताच बसलीय म्हणालीस ना? रविवारी घेऊन ये. येताना पेन्सिल आण, वही राहू दे. चोची काढायच्यात, माझ्या जुन्या कागदाच्या पाठीवर.

तुझा,
काका