सर्व्हर लाइव्ह करण्याआधी डॉकरचे पोर्ट तपासा

तुम्ही सर्व्हरवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू करून २२, ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचे दरवाजे, उघडे ठेवलेत, हे चांगलंच केलंत. पण पोस्टग्रेस हा डेटाबेस डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या कंटेनरमध्ये, चालवताय ना? मग आधी कम्पोज फाइल (कंटेनर कसे चालवायचे ते जिथे लिहिलेलं असतं ती) उघडून पोर्ट्सची ओळ बघा. तिथे नुसतं ५४३२:५४३२ असेल तर डेटाबेस बाहेरच्या जगाला उघडा आहे. डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेटवर्क नियमांच्या यादीत, स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे येणारी रिक्वेस्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. यूएफडब्ल्यूचं स्टेटस मात्र बाकी सगळं बंद दाखवत राहतं. माझ्या पहिल्या सर्व्हरवर हेच झालं होतं. लॉगमध्ये अनोळखी आयपींवरून एकामागून एक फसलेले लॉगिन दिसले, तेव्हा हातपाय गार पडले.

त्या ओळीत ५४३२:५४३२ च्या आधी १२७.०.०.१: लावा, म्हणजे पोर्ट फक्त त्या सर्व्हरपुरताच उघडा राहील. अ‍ॅप त्याच कम्पोजमध्ये असेल तर ओळच काढून टाका, कंटेनर आपापसात सर्व्हिसच्या नावाने बोलतात. मग घरच्या लॅपटॉपवरून एनमॅप हे उघडे पोर्ट शोधणारं टूल चालवून खात्री करा. सर्व्हरवरच बसून तपासलेलं धरू नका.

एसएसएचला, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीला, की (किल्लीची फाइल) लावा, पासवर्डने लॉगिन बंद करा. हे करताना एक सेशन उघडं ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून आत येता येतंय का पाहा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. कॅडी हा वेब सर्व्हर वापरत असाल तर एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटची काळजी नको, तो ते आपणहून नवं करतो.

बॅकअपचं मात्र कळकळीने सांगतो. डेटाबेसचा रोजचा डंप, म्हणजे फाइलमध्ये काढलेली प्रत, त्याच डिस्कवर पडत असेल तर तो बॅकअप नव्हे. तो दुसरीकडे पाठवा, आणि येत्या रविवारीच रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून टेबलांतल्या नोंदींची संख्या जुळते का बघा. किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा.