बारावीनंतर ‘मला कथाच लिहायच्यात’ म्हणणाऱ्या लेकीच्या आईला

इचलकरंजीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. नाव देत नाही, पण बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. घरचे यंत्रमाग आहेत. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, 64 टक्के पडले, गणितात कशीबशी सुटली. वडिलांचं म्हणणं असं की गावातच डीकेटीई कॉलेज आहे, टेक्स्टाईल इंजिनिअरिंग कर आणि मग घरचा धंदा बघ. मुलगी म्हणते बीएच करणार, कारण तिला कथा लिहायच्यात. दोनेक वर्षं प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर लिहितेय, वाचणारे बरेच आहेत, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईल चालू असतो. आईचे प्रश्न तीन: हे बंद करायला लावू का, यात पोट भरतं का, आणि एकाने पुस्तक काढून देतो म्हणून 45 हजार मागितलेत ते द्यावेत का. पत्रासोबत मुलीच्या चार कथा जोडल्यात. उत्तर जरा मोठं होणार आहे.

ताई, आधी शेवटचा प्रश्न, कारण त्यात पैसे अडकलेत. देऊ नका. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापणं हा एक धंदा आहे, तो काही बेकायदेशीर नाही, पण अशा ठिकाणी पैसे दिले की पुस्तक निघतंच, म्हणजे कथा चांगली आहे की नाही हे कोणी बघितलेलंच नसतं. गठ्ठे घरी येतात, नातेवाइकांना वाटून होतात आणि उरलेले पलंगाखाली जातात. शिवाय अठराव्या वर्षी छापलेलं पुस्तक पंचविसाव्या वर्षी स्वतःलाच नकोसं होतं आणि ते परत घेता येत नाही. ते लोक आयएसबीएन नंबरचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावत असतील तर तेही ऐकून ठेवा, भारतात तो नंबर सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. पुढे कधी खरंच पुस्तकापुरतं लिखाण जमलं तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकासाठीच असते, हस्तलिखित परीक्षकांकडे जातं आणि पसंत पडलं तर अनुदान मिळतं. तिथे निदान कोणीतरी वाचून हो किंवा नाही म्हणतं. पण ते अजून लांब आहे.

आता कथांबद्दल, कारण मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पहिल्या दोन कथा एकाच साच्यातल्या आहेत. शिमल्याचा बंगला, श्रीमंत आणि रागीट हिरो, अनाथ नायिका, आणि सगळी पात्रं टीव्ही मालिकेतल्यासारखी बोलतात. शिमला तिने पाहिलेलं नाही हे दुसऱ्याच परिच्छेदात कळतं. यात काही चूक नाही, सगळे असंच सुरू करतात, जे वाचलं-बघितलं तेच आधी हातातून उतरतं. तिसरी भुताची आहे. बरी आहे, प्रत्येक भागाच्या शेवटी वाचणाऱ्याला अडकवून ठेवायचं तंत्र तिला जमलंय, ते ॲपवर भाग टाकून टाकूनच जमलं असणार.

आणि मग चौथी. तुम्ही पत्रात लिहिलंय की “ही एकच गोष्ट ती महिनाभर परत परत लिहीत बसली होती, वेड लागलंय का वाटलं.” ताई, ही कथा वाचून मी ताठ बसले. मागाच्या खोलीत आयुष्य काढलेली म्हातारी, खडखडाटात कान गेलेले, पण त्याच आवाजात माणसांचे ओठ बघून बोलणं ओळखायची सवय लागलेली. आता घरी बसून असते आणि समोरच्या गॅलरीत दोन बायका हळू आवाजात काय बोलतात ते तिला इथून कळतं. नातीचं लग्न ठरलंय, आणि ते मोडणार हे घरात कोणालाही कळायच्या आधी म्हातारीला समोरच्या बाईच्या ओठांवरून कळतं. सांगावं कसं, कोण विश्वास ठेवेल, म्हणून ती नुसती नातीला जवळ बोलावून वेणी घालायला बसते. वहिफणीवाली, कांडीवाली, जॉबर, बिम, धोटा हे सगळे मागावरचे शब्द त्यात सहज आलेत, कुठेही समजावून सांगितलेले नाहीत, आणि तरी वाचताना अडत नाही. करंट जातो आणि सगळे माग एकदम बंद पडतात तेव्हा बाकीचे दचकतात आणि म्हातारीला काही फरक पडत नाही, हे एक वाक्य तर तिला कोणी शिकवलेलं नसणार.

शिमल्यापासून मागाच्या खोलीपर्यंत यायला चांगलं लिहिणाऱ्या माणसांनाही कधी कधी दहा वर्षं लागतात. तुमची लेक दोन वर्षांत आलीये. प्रगती म्हणतात ती हीच, फॉलोअर किती वाढले त्यावरून ती कळणार नाही. किंबहुना मला खात्री आहे की या कथेला ॲपवर शिमल्यापेक्षा कमी वाचक मिळतील, आणि तिने त्याचं वाईट वाटून घेऊन परत बंगल्याकडे जाऊ नये एवढीच मला काळजी आहे. हे तिला नक्की सांगा.

कथेत दोष आहेत. शेवटचे दोन परिच्छेद पूर्ण उडवायला हवेत, तिथे ती म्हातारीचं दुःख काय आहे ते स्वतःच सांगत बसते, वेणीवर कथा संपलेली असताना. मधे नवऱ्यामुलाच्या घरच्यांचं वर्णन विनाकारण लांबलंय. आणि जॉबरच्या तोंडी एकदम पुस्तकी मराठी आलंय, इचलकरंजीचा जॉबर असा बोलत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे मी तिला वेगळं लिहून पाठवतेय. पण दुरुस्ती तिनेच करायची, तुम्ही किंवा मी नाही.

तर बंद करायला लावू का, याचं उत्तर नाही. पण रात्री दोन वाजेपर्यंतचं जागरण मात्र बंद, आणि ते तिच्या लिखाणासाठीच. झोपेत पेंगत लिहिलेला भाग आणि सकाळी लिहिलेला भाग तिला स्वतःला एकदा शेजारी ठेवून वाचायला सांगा. रोजचा एक तास ठरवून द्या, पहाटेचा किंवा संध्याकाळचा, आणि त्या तासात तिला दळण, पाणी, पाहुणे यातलं काही सांगू नका. कमवणाऱ्या मुलाच्या वेळेला घरात जो मान असतो तो या तासाला द्या. ॲपवर रोज भाग टाकायचा दट्ट्या असतो, वाचक कमेंटमध्ये पुढचा भाग कधी म्हणून विचारत राहतात, त्याने एक होतं की लिहून पूर्ण करायची शिस्त लागते, जी भल्याभल्यांना नसते, पण परत लिहायला वेळच राहत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदाच भाग टाकायचा, बाकीचे दिवस एका अशा कथेला द्यायचे जी ॲपवर जाणार नाही. मासिकं आणि दिवाळी अंकांना बहुतेक वेळा अप्रकाशित कथा लागते, आणि ऑनलाईन टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित झालेलीच धरतात, हे पोरांना माहीत नसतं आणि चांगली कथा हातची जाते.

एक छोटी वही करायला सांगा, मोबाईलमधली नाही, कागदाची. त्यात कल्पना नाही लिहायच्या, ऐकलेली वाक्यं लिहायची, जशीच्या तशी. भाजीवालीचं, सायझिंगमधल्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातल्या, मुकादमाचं, तुमचं भांडतानाचं सुद्धा. ती “मला सुचत नाही” म्हणते असं तुम्ही लिहिलंय, तर सुचण्याची वाट बघणाऱ्याला फार सुचत नाही, वहीत पन्नास वाक्यं साठली की त्यातलं एखादं स्वतःहून कथा मागतं. म्हातारी पण तिला अशीच कुठेतरी ऐकून-बघून मिळाली असणार, विचारून बघा. आणि लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, संवाद खोटा असेल तर जीभ अडखळते.

वाचन तर हवंच, आणि नुसतं मोबाईलवरचं नको. तुमच्या गावात आपटे वाचन मंदिर आहे, इतकं जुनं आणि चांगलं ग्रंथालय सगळ्या गावांच्या नशिबात नसतं, सभासद करून टाका. 1974 साली मराठी साहित्य संमेलन तुमच्या इचलकरंजीत झालं होतं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते, घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्यांना आठवत असेल. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, म्हणजे तुमच्या हातकणंगले तालुक्यातलेच. त्यांच्या कथा वाचताना तिला कळेल की आपल्याकडची बोली कागदावर किती कमी शब्दांत उभी राहते. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकर, मग विजया राजाध्यक्ष, सानिया, जी. ए. कुलकर्णी. आवडलेली कथा हाताने उतरवून काढायची, आळस येतो पण वाक्य कुठे थांबतं ते हाताला कळतं.

आता पोट भरण्याचं. ताई, तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. नुसत्या मराठी कथा-कादंबऱ्या लिहून घर चालवणारी माणसं फार थोडी. हिशोबच बघा, 200 रुपयांचं पुस्तक, लेखकाला साधारण दहा टक्के, हजार प्रती, म्हणजे 20 हजार रुपये, आणि तेही हजार प्रती संपायला दोन-तीन वर्षं लागली तर तेवढ्या वर्षांत. म्हणूनच आपल्याकडचे कथाकार काहीतरी दुसरं काम करत आलेत. शंकर पाटील शिक्षक होते, नंतर पाठ्यपुस्तक मंडळात होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे, अरविंद गोखले पुण्याच्या शेतकी कॉलेजात होते, विजयाबाई प्राध्यापक. जयंत नारळीकर तर खगोलशास्त्रज्ञ, आणि त्यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप अशा टोपणनावाने, म्हणजे परीक्षकांनी मोठं नाव बघून नाही तर कथा बघून निकाल द्यावा. पहिलं बक्षीस मिळालं. लेकीलाही अशा नाव झाकलेल्या स्पर्धांना पाठवू द्या.

मग डिग्रीचं काय. वडिलांची बाजू मला पटते, घरचा धंदा आहे, मुलगी शिकून त्यात आली तर चांगलंच. पण गणितात कशीबशी सुटलेल्या मुलीला इंजिनिअरिंगला घालू नका, ती पहिल्याच वर्षी एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, अडकेल, बॅकलॉग काढण्यात चार वर्षं जातील आणि लिहिणं आधी सुटेल, धंद्यात मन तर अजिबात राहणार नाही. तिला टेक्स्टाईलची खरीच आवड असती तर वेगळं बोलले असते. बीए करू द्या, फक्त एक अट घाला: नुसतं मराठी नको, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, असतं, मराठी मेजर आणि इंग्रजी मायनर किंवा उलट, कॉलेजात कोणतं कॉम्बिनेशन मिळतं ते प्रवेशाआधी विचारून घ्या. याचं कारण साधं आहे, दोन भाषा नीट येणाऱ्याला काम मिळतं. अनुवाद, सबटायटल, डबिंगचे संवाद, जाहिरातीची कॉपी, मुद्रितशोधन, पाठ्यपुस्तकांचं संपादन, ऑडिओ मालिकांचं लेखन. यातलं बरंचसं घरी बसून होतं. सरकारी भाषा संचालनालयात अनुवादकाच्या जागा निघतात, रोज नाही निघत पण निघतात. प्राध्यापकीचं स्वप्न मात्र दाखवू नका, एमए, मग नेट-सेट या पात्रता परीक्षा आणि नंतर जागा भरायची वाट, त्यात फार पोरं थकलीत.

मालिकांचं लेखन हा एकच रस्ता असा आहे जिथे गोष्ट रचण्याचे बरे पैसे मिळतात. तिथे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि रोजच्या मालिकेला संवाद लिहिणाऱ्याला जवळजवळ रोज एक भाग द्यावा लागतो. भागाच्या शेवटी अडकवून ठेवायचं तिला येतंच. पण काम बहुतेक मुंबईत, वेळ कसलीच नाही, आणि विसाव्या वर्षी त्यात शिरलं तर मागाच्या खोलीतली म्हातारी लिहायची राहून जाईल अशी मला भीती वाटते. आधी डिग्री. मग हवं तर पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा कोर्स आहे, पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते, आणि तोपर्यंत ती बावीस-तेवीसची असेल, तिचं तिलाच कळलेलं असेल.

वडिलांना एवढंच सांगा की डिग्रीच्या तीन-चार वर्षांत तिने रोज एखादा तास मागाच्या ऑफिसात बसून बिलं, सुताचा हिशोब, जीएसटीची कामं शिकावीत. धंदा कळेल, चार पैसे तिच्या हाताला लागतील, आणि कथेला माणसं तिथेच भेटणार आहेत. मला वाटतं यावर दोघांचं जमेल. आणि शक्य झालं तर चौथी कथा त्यांना वाचायला द्या, तुम्ही पत्रात लिहिलंय की त्यांनी तिचं काहीच वाचलेलं नाही.

राहिलं त्या कथेचं. ती ॲपवर टाकली नसेल तर अजिबात टाकू नका. दुरुस्त करून दिवाळी अंकाला पाठवायला सांगा. संपादकांचे अंक जुलै-ऑगस्टमध्येच ठरत आलेले असतात, तेव्हा या महिनाअखेरपर्यंत गेली पाहिजे. आधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचनालयात चाळायचे, कशा कथा घेतात ते बघायचं. युनिकोडमध्ये टाईप करून वर्डची फाईल आणि पीडीएफ दोन्ही, सोबत चार ओळींचं पत्र, त्यात वय आणि फॉलोअर लिहायचे नाहीत, कथा अप्रकाशित आहे एवढं लिहायचं. एका वेळी एकाच अंकाकडे. महिना-दीड महिना काहीच कळलं नाही तर एकदा नम्रपणे विचारायचं. नाही म्हणाले किंवा उत्तरच आलं नाही तर दिवाळीनंतर एखाद्या मासिकाकडे, आणि तोवर पाचवी सुरू झालेली असू दे.