खरवडलेल्या चेहऱ्याच्या जागी

पत्र: मी चित्रकार आहे. आजीच्या पेटीत सापडलेल्या जुन्या फोटोंवरून गेली तीन वर्षे मी व्यक्तिचित्रे करते आहे. त्यांतल्या एका फोटोत एका स्त्रीचा चेहरा पात्याने खरवडून काढलेला आहे. ती आजोबांची पहिली पत्नी, एवढेच मला कळले. तिच्या जागी माझा चेहरा घालून मी मोठे चित्र रंगवले. आत्याने ते पाहिले आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. दोन महिन्यांनी प्रदर्शन आहे. हे चित्र लावू की नको?

प्रिय मैत्रिणी,

चित्र लावण्याआधीचा एक प्रश्न मला पडला आहे : त्या जागी तुमचाच चेहरा का आला? तिच्या रूपाची दुसरी कोणतीही नोंद हाती नव्हती, हे मी समजू शकते. परंतु जिला घराने एकदा पात्याने पुसले, तिला तुम्ही रंगाने पुन्हा एकदा झाकले, असेही कोणी म्हणू शकेल, आणि चित्र न पाहताही मला थोडेसे तसेच वाटते. रागावू नका.

खरवडलेली जागा रिकामी नसते. फोटो फाडून किंवा जाळून टाकणे सोपे असतानाही कोणीतरी पाते हाती घेऊन, शेजारच्या माणसांना धक्का न लावता, तेवढाच एक चेहरा काढला आणि उरलेला फोटो जपून पेटीत ठेवला. त्या घरातला राग आणि त्या घरातली माया एकाच कागदावर अशी शेजारी शेजारी राहिली आहे. तुमच्या साऱ्या संग्रहात याहून बोलकी नोंद नसेल.

चित्रकार विवान सुंदरम यांनी आपली मावशी, प्रसिद्ध चित्रकार अमृता शेरगिल हिला कधी पाहिलेच नव्हते. ती १९४१ मध्ये गेली आणि त्यांचा जन्म १९४३ चा. तरीही आजोबा उमराव सिंग यांनी काढलेले फोटो घेऊन त्यांनी २००१-०२ मध्ये वेगवेगळ्या काळांतली माणसे संगणकावर एका चौकटीत आणली, आणि ही जुळणी आहे हे शीर्षकातल्या ‘रीटेक’ (पुन्हा टिपणे) या शब्दानेच सांगून टाकले. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिष्टर यांनी १९६५ साली घरातल्या फोटोवरून मावशीचे चित्र केले, ज्यात तान्हे बाळ ते स्वतः आहेत. मानसिक आजारामुळे या मावशीची सक्तीने नसबंदी झाली होती आणि १९४५ मध्ये नाझींच्या मनोरुग्णहत्येच्या मोहिमेत तिचा बळी गेला. रिष्टर यांनी ओला रंग ओढून सारी प्रतिमा धूसर केली. आपल्याला किती दिसते याची कबुली दोघांच्याही कामात आहे. ती तुमच्या चित्रात यायला हवी. खरवडल्याच्या रेघा पुन्हा वर येऊ द्या, किंवा निदान चित्राशेजारच्या पाटीवर हा चेहरा माझा आहे, असे सरळ लिहा.

आता आत्या. आजोबांची पहिली पत्नी ही तुमच्यासाठी शोधाचा विषय आहे, पण आत्यासाठी ती बहुधा स्वतःच्या आईचे दुखणे असेल, आणि ते पाते कोणाच्या हातात होते हेही कदाचित तिला ठाऊक असेल. हा माझा तर्क आहे. तिच्याकडे जाताना चित्र किंवा निमंत्रणपत्रिका नेऊ नका, फक्त मूळ फोटो न्या. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करू नका. परवानगीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. तिने काही सांगितलेच, तर घरी येऊन तारखेसह लिहून ठेवा, आणि ते कामात वापरण्यापूर्वी तिला पुन्हा वेगळे विचारा, कारण चित्र तुमचे असले तरी ती आठवण तिची आहे.

आत्याचा नकार कायमचा मानावा, असे मी म्हणणार नाही. तसे केले तर प्रत्येक घराचा इतिहास तिथल्या सर्वांत दुखावलेल्या माणसाच्या हाती जाईल. परंतु दोन महिने कॅनव्हासवर फेरफार करायला पुरतात, आत्याशी पुन्हा बोलणे सुरू व्हायला कदाचित पुरणार नाहीत. म्हणून या प्रदर्शनात ते चित्र लावू नये, असे माझे मत आहे.

जाता जाता फोटोविषयी : स्कॅन करताना तो चेहरा कोणाकडून ‘दुरुस्त’ करून घेऊ नका. मूळ प्रत आम्लरहित कागदात ठेवा, चिकटपट्टी लावू नका, आणि मागे काही लिहायचेच झाले तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा.